द्वारकेच्या चौकातली त्राटिका

नाशिक रोडहून येणारी बस द्वारकेला अडकली की श्यामलाताई डोळे मिटून घ्यायच्या. कोण कुठून घुसतंय याचा पत्ता नाही, जो तो हॉर्नवर हात ठेवून बसलेला. बघायचं कशाला आणि रक्तदाब वाढवून घ्यायचा कशाला? पण त्या शनिवारी त्यांनी डोळे मिटले नाहीत, आणि समोरच्या खांबावर त्यांना तृप्ती दिसली.

तृप्ती म्हणजे तृप्तीचा फोटो. चांगला दारभर उंचीचा फ्लेक्स. खाली मान, हातात जेवणाचं ताट, वेण्यांना वसतिगृहाच्या लाल रिबिनी. वर भगव्या अक्षरात ‘व्यथेची झाली कविता!’ आणि खाली ‘आदिवासी कन्या कु. तृप्ती जयराम भोये, करंजपाडा, ता. सुरगाणा’. त्याच्याही खाली कविता.

*ताईच्या बांगड्या मला येतात.*
*ताईची साडी मला येते.*
*ताईचं घर मला नको.*
*तिथं उंबऱ्याच्या आत*
*ताई अजून बाहेर पडायची वाट बघते.*

आणि कवितेला टेकून, हात जोडून, सगळे दात दाखवत वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे विश्वस्त मयुरेश.

श्यामलाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो, थांबवा बस!” त्या ओरडल्या.

“आज्जी, इथं स्टॉप नाही,” कंडक्टर म्हणाला.

“आज्जी असेन तुझी! दार उघड म्हणते ना!”

त्याने मुकाट्याने दार उघडलं. अठ्ठावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवलेल्या बाईचा आवाज होता तो, त्याच्यापुढे कंडक्टरचं काय चालणार? त्या उतरल्या, खांबाखाली गेल्या, हात उंच केला. फ्लेक्स चांगला दोन माणसं उंचावर. बाजूने लोक जात होते, एखादा मान वर करून वाचत होता, ‘चक् चक्’ करत होता आणि पुढे केळी घ्यायला जात होता. ती चक् चक् ऐकून तर त्यांना रडूच यायला लागलं. रागाने माणसाला रडू येतं, हे त्यांना या वयात नव्याने कळत होतं.

त्यांनी रिक्षा केली आणि वसतिगृह गाठायला सांगितलं. वाटभर त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं आणि भाड्याची घासाघीस करायचा विचार सोडून दिला.

तर या मुलीची गोष्ट अशी. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातल्या मुली शिकायला नाशकात येतात, त्यांच्यासाठी मयुरेशच्या वडिलांनी हे वसतिगृह काढलं. ते होते तोवर बरं चाललं होतं. तृप्ती आली ती गेल्या दिवाळीनंतर, नववीत. तिची थोरली बहीण मोहिनी. तिचं लग्न सोळाव्या वर्षी लावून दिलं, आणि पहिल्याच बाळंतपणात, जीप मिळेपर्यंत, ती गेली. मूलही गेलं. तेराव्याचं जेवण झालं न झालं तोच सासरच्यांनी विचारलं, “धाकटी आहे ना? घरातली पोर घरातच राहील.” वर पुन्हा हे सगळं माया म्हणून! दिनेश, मोहिनीचा नवरा, तसा वाईट माणूस नव्हता म्हणे. नसेल. पण तृप्तीने बोलणंच टाकलं. मनगटावर ब्लेडच्या रेघा निघाल्या तेव्हा शाळेतल्या बाईंनी तिला इथे आणून घातलं.

श्यामलाताई दर शनिवारी मुलींना लिहायला बसवायच्या. कोणी शिकवलं म्हणून नाही. कॉलेजात असताना त्यांनी पाहिलं होतं, की ज्या पोरी निबंधात आतलं लिहितात त्या तग धरतात. तृप्तीसाठी मात्र त्यांचे सगळे विषय वाया गेले. ‘माझी आई’ झालं, ‘माझं गाव’ झालं. पोर कोरा कागद ठेवून उठायची. मग एकदा कुठल्यातरी मुलीने बोहाड्याचा विषय काढला. बोहाडा म्हणजे त्यांच्या पाड्यावरची मुखवट्यांची जत्रा. रात्रभर एकेक सोंग नाचत येतं. गणपती येतो, रावण येतो, त्राटिका येते. कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. आणि तृप्ती, महिनोन् महिने गप्प असलेली तृप्ती, कोपऱ्यातून बोलली,

“सोंग घेतल्यावर त्या माणसाचं नाव नाय घेत.”

“का गं?” श्यामलाताईंनी श्वास रोखून विचारलं.

“तो तेव्हा तो नसतो. आमच्या घरची त्राटिका. माझा बाबा घालतो. त्राटिका काय पण बोलली तरी बाबाला कोणी धरत नाय. पण आयकावं लागतं. उठून, हात जोडून.”

बस्स! त्या दिवशी स्वयंपाकघरात शकुबाईंनी मैद्याची खळ शिजवली, जुनी वर्तमानपत्रं भिजली, मुलींनी मुखवटे केले. तृप्तीने त्राटिका केली. लाल तोंड, पांढरे सुळे, कपाळभर कुंकू. आणि शनिवारचा नियम ठरला, की कागदावर आपलं नाव घालायचं नाही, सोंगाचं घालायचं. सोंग जे बोलेल ते सगळ्यांनी उभं राहून ऐकायचं, आणि खोलीच्या बाहेर न्यायचं नाही. मुखवट्याआडून तृप्तीने पहिल्यांदा ती कविता वाचली तेव्हा सगळी खोली हात जोडून उभी होती. त्यानंतर पोर जेवायला लागली. वेण्या घालायला लागली. मग श्यामलाताई स्वतः करंजपाड्याला गेल्या, तिच्या बापाच्या ओट्यावर बसल्या, कवितेबद्दल चकार शब्द काढला नाही, कायद्याची धमकीही दिली नाही. जयराम विचार करकरून म्हणाला होता, “दहावी हू द्या तिची. तवर मी लगीन काढत नाय.” त्या एका शब्दाच्या काडीवर त्या पोरीचं वर्ष उभं होतं.

आणि या शहाण्याने तीच पोर द्वारकेला टांगली होती!

वसतिगृहाच्या फाटकातच शकुबाई भेटल्या. तोंड उतरलेलं, हाताला कणीक तशीच.

“ताई, बरं झालं आलात. तृप्तीचा बाप आलाय. पोरीला पेटी भरायला सांगितलीय. आजच नेतो म्हणतोय.”

“कुठाय?”

“हाफिसात. सर त्याला चहा पाजतायत.”

मयुरेश व्हरांड्यातच आडवा आला. कडक इस्त्रीचा कुर्ता, गळ्यात उद्याच्या कार्यक्रमाचा बिल्ला. “मॅडम, पाहिलंत का द्वारकेला? काय सुंदर झालाय! उद्या मुंबईहून पाहुणे येतायत, देणगीदार. तृप्ती स्टेजवर स्वतः वाचणार. तुमच्या उपक्रमाचं चीज झालं बघा.”

“तुला तिचं नाव कोणी सांगितलं?”

“तुमच्या शनिवारच्या खोलीत भिंतीवर कागद होता, खाली ‘त्राटिका’ लिहिलेलं. मी मुलींना म्हटलं, ही ज्या मुलीची असेल तिला बक्षीस. सगळ्या ओरडल्या, तृप्ती, तृप्ती!”

बक्षीस! बिचाऱ्या पोरींना वाटलं, मैत्रिणीचं भलं होतंय. “तिला विचारलंस? तिच्या बापाला? पंधरा वर्षांची मुलगी आहे ती, मयुरेश. नाव, गाव, फोटो, सगळं चौकात! अरे, तिचं दुखणं म्हणजे काय तुझ्या दुकानाची पाटी आहे?”

“मॅडम, तुम्ही भावनिक होताय. चेहरा नसला तर लोकांना भिडत नाही. आणि वाईट काय लिहिलंय त्यात? कौतुकच आहे. तिच्या वडिलांना समजावतोय मी.”

“तू समजावतोयस? मग झालंच कल्याण.”

ऑफिसात जयराम खुर्चीच्या कडेला बसला होता. चहाचा कप भरलेला तसाच, साय धरलेला. स्वच्छ धुतलेला शर्ट, पायात प्लॅस्टिकचे बूट. श्यामलाताईंना बघून तो उठला, कारण ओट्यावर बसून त्याच्या घरची नागलीची आंबील त्या प्यायल्या होत्या. पण हसला नाही. खिशातून मोबाइल काढून त्यांच्यासमोर धरला. द्वारकेचा फ्लेक्स. भाजीच्या गाडीवर आलेल्या कुणीतरी काढून पाठवलेला.

“ताई, सगळ्या पाड्यानं पाह्यलं. दिनेशच्या घरचे काल दारात आले. आमच्या उंबऱ्यात पोर अडकलीय असं लिवलंय म्हंत्यात. आमी मारली का तुमची मोहिनी, म्हंत्यात. आता लगीन लावा आन् आमचं तोंड धुवा, नायतर जातपंच बसवतो.”

“जयरामभाऊ, तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला व्हता. तुमी पन दिला व्हता. म्हनला होतात, पोर सुखात राहील.” त्याने मोबाइल पुन्हा पुढे केला. “हे सुख?”

 श्यामलाताईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि त्यांनी नेमकं नको ते बोलून टाकलं. “हे बघा, अठराच्या आत लग्न लावलंत तर गुन्हा आहे. मला पोलिसांत जावं लागेल.”

जयरामचा चेहरा दार लावावं तसा बंद झाला. “जा,” तो म्हणाला. “माझी एक पोर मेली तवा कोन पोलीस आला नाय. आता येऊ द्या.”

मयुरेश मध्ये पडलाच. “बाबा, बाबा! शांत व्हा. अहो, तुमच्या मुलीचं केवढं नाव झालं!”

“नाव झालं?” जयरामने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “सायेब, तिनं सोंग घेऊन सांगितलं असतं ना, मी हात जोडून आयकलं असतं. साऱ्या पाड्यानं आयकलं असतं. तुमी सोंग काढून घेतलं आन् उघडी पोर खांबाला बांधली.”

श्यामलाताईंना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. शनिवारचा नियम मुळात जयरामच्याच घरचा होता, आणि तो त्याला कुणी शिकवावा लागला नव्हता.

तेवढ्यात दारात पेटी आपटल्याचा आवाज झाला. सगळ्यांनी मागे पाहिलं.

तृप्ती उभी होती. पेटी खाली ठेवलेली, आणि तोंडावर त्राटिका. लाल तोंड, पांढरे सुळे. खळीचा एक पदर हनुवटीपाशी सुटला होता. वसतिगृहाच्या गणवेशावर ते उग्र तोंड, बघणाऱ्याला हसू यावं असंच. पण कोणी हसलं नाही.

“आमच्यात बाया सोंग नाय...” जयराम बोलायला गेला आणि थांबला. कारण त्याचे पाय कधीच जुळले होते. बूट निघाले होते. त्याच्या बापाने नाचवलेली, त्याने स्वतः दर सालाला डोक्यावर धरलेली घरची त्राटिका समोर उभी होती. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

“जयराम,” त्राटिका म्हणाली. बापाला नावाने! आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. “मोहिनी म्हनली होती, आये, पोटात दुखतं, मला घरी ने. कोन आला नाय. तू द्राक्षाच्या बागेत व्हतास. तुझी बायको बागेत व्हती. मुकादम सोडत नव्हता. मोहिनीचा हात धाकटीच्या हातात व्हता. तो गार झाला. धाकटीनं सोडला नाय. मानसांनी बोटं उकलून काढला.”

जयरामच्या गालावरून पाणी वाहत होतं. त्याने पुसलं नाही. सोंगासमोर हात सोडत नाहीत.

“धाकटी तिथं जानार नाय. त्या खाटेवर नाय, त्या उंबऱ्यात नाय. दिनेशच्या घरच्यास्नी सांग, त्राटिका नको म्हनली. पंच बसले तर पंचास्नी पन सांग.”

 मग जयरामने खालच्या आवाजात विचारलं, जसा जत्रेत एखादा अडलेला माणूस विचारतो, “आये, मंग पोर राहील कुठं?”

“दहावीपर्यंत इथं. पुढं कुठं ते तिला इचार.”

“इचारतो,” जयराम म्हणाला. “सांगतो त्यास्नी. सोंगानं सांगितलं म्हनून सांगतो. कोन मोडतंय ते बघतो.”

आणि मग तृप्तीने जे केलं ते श्यामलाताईंनी शिकवलेलं नव्हतं, बोहाड्यातही नव्हतं. तिने मुखवटा काढला. केस घामाने कपाळाला चिकटले होते. तो टेबलावर चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि म्हणाली, “बाबा, मी पन तेच म्हनते. मी. तृप्ती.”

बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हमसून हमसून रडला. श्यामलाताईही रडत होत्या. दारात शकुबाई कणकेच्या हाताने डोळे पुसत होत्या. असा क्षण माणसाच्या वाट्याला आयुष्यात किती वेळा येतो?

“एक्सलंट!” मयुरेश म्हणाला. डोळे त्याचेही भरले होते, हे सांगायला पाहिजे. पण हातात मोबाइल उभा होता. “अंगावर काटा आला. तृप्ती बेटा, फक्त सुरुवातीचं राहिलं गं. परत एकदा दारातून येशील का? बाबा, तुम्ही जरा खिडकीकडे तोंड करा. उद्या स्टेजवर असंच करू, बाबांना पण घेऊ.”

क्षणभर कुणाला कळलंच नाही हा काय बोलतोय.

मग जयरामने श्यामलाताईंना विचारलं, अगदी साधेपणाने, “ताई, ह्यो कोन म्हनायचा?”

“कोणी नाही,” श्यामलाताई म्हणाल्या. त्यांनी मयुरेशच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि त्याच्या देखत जे काही घेतलं होतं ते पुसलं. शिक्षकाने वर्गात चिठ्ठी काढून घेतलेल्या पोरासारखा तो बघत राहिला. “ऐक मयुरेश. उद्या ही स्टेजवर येणार नाही. एकही मुलगी येणार नाही. तुझे पाहुणे आले की मी फाटकात उभी राहीन आणि आज काय झालं ते एकेकाला सांगेन. तुझ्या वडिलांनी हे घर पोरींना डोकं टेकायला बांधलं. तू त्यांचीच डोकी विकायला काढलीस. लाज वाटते का रे थोडी तरी?”

“मॅडम, ते फ्लेक्स तरी... पैसे भरलेत सोमवारपर्यंत.”

“शकुबाई,” श्यामलाताई म्हणाल्या, “तुमची भाजीची मोठी सुरी द्या.”

“मी पन येते,” तृप्ती म्हणाली.

“नको गं. तिथे सगळे बघतील.”

“कालपासनं बघतातच की.”

दुपारच्या उन्हात तिघं द्वारकेला उतरली. वर तृप्ती, खाली तृप्ती. येणारेजाणारे एकदा फ्लेक्सकडे बघत, एकदा मुलीकडे, आणि थबकत. जयरामने बूट काढले, सुरी दातात धरली आणि खांबावर चढला, झाडावरून आंबे उतरवायला चढावं तसा सहज. पहिली दोरी कापली. फ्लेक्सचं एक टोक सुटून वाऱ्याने फडफडलं, मयुरेशचे दात मधोमध दुमडले.

शिट्टी वाजली. वाहतुकीचा हवालदार गर्दी कापत आला. बिचारा सकाळपासून उन्हात उभा, आवाज बसलेला. “ओ, काय चाललंय? उतरा खाली! कोणाच्या परवानगीने काढताय?”

श्यामलाताईंनी तोंड उघडलं. परवानगी! लावताना कोणी विचारली होती परवानगी? असं काय काय त्यांच्या ओठावर आलं होतं, आणि त्या चौकाला ते ऐकायची गरजही होती. पण तृप्ती त्यांच्या पुढे झाली. मान खाली नव्हती. तोंडावर काही नव्हतं.

“साहेब, फोटो माझा आहे,” ती म्हणाली. हॉर्नवर आवाज जावा म्हणून मोठ्याने. “नाव माझं आहे. बहीण माझी आहे. परवानगी मी दिली.”

हवालदाराने वर पाहिलं. मग तिच्याकडे. मग फ्लेक्सवरच्या ओळी त्याने ओठ हलवत वाचल्या, शेवटपर्यंत.

“बाबा,” तो खांबाकडे तोंड करून म्हणाला, “खालची दोरी पण काप. आणि सांभाळून.” आणि वळून त्याने हात आडवा केला, द्वारकेची रहदारी थांबवली.